गाडीला मार्चमध्ये पंधरा वर्षं पुरी होतायत: पासिंग करून ठेवू की निरोप देऊ?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)
७ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, घरात बोलून सुटत नाहीये, म्हणून इथे मांडतो.

आमची वॅगन-आर एलएक्सआय, पेट्रोल, मार्च २०११ ची. एमएच ०४ पासिंग, पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात. आजपर्यंत १,१२,००० किलोमीटर. येत्या मार्चमध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपतात. पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घ्यायची, का इथेच थांबायचं, हे मला ठरवायचंय.

गाडी खरं म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली पहिली आणि एकमेव गाडी. आता ते ७४ वर्षांचे आहेत, तीन वर्षांपासून चालवत नाहीत. मी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने महापेला जातो, त्यामुळे गाडीचा वापर वर्षाला जेमतेम साडेचार हजार किलोमीटर: आप्पांना आठवड्यातून दोनदा पाचपाखाडीला फिजिओथेरपीला नेणं, भाजी, लग्नकार्यं, आणि वर्षातून एकदा गावी रोह्याला. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. वॅगन-आरची सीट उंच, दार उघडलं की ते वाकल्याशिवाय थेट बसतात. रिक्षात चढताना त्यांना फार त्रास होतो.

आप्पांनी पहिल्या दिवसापासून एक डायरी ठेवलीय, ग्लव्ह बॉक्समध्ये. पेट्रोल कधी भरलं, किती भरलं, मीटर किती, गॅरेजला काय दिलं, सगळं. तिच्यातून गेल्या तीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च काढला:

२०२३ – १३,४०० रुपये
२०२४ – २१,८०० रुपये
२०२५ – ३४,६०० रुपये

यंदाच्या खर्चात चार टायर १३,६००, क्लच ९,२००, बॅटरी ४,३००, आणि गाडी दोनदा तापली म्हणून रेडिएटरचे पाइप, थर्मोस्टॅट वगैरे मिळून ७,५००. अॅव्हरेज पूर्वी शहरात लिटरला १५.८ किलोमीटर मिळायचं, आता १३.४.

बायको म्हणते, आकडे बघ आणि विकून टाक. आप्पा काहीच म्हणत नाहीत, आणि तेच मला जड जातंय. परवा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, इंजिन अजून दहा वर्षं जाईल." खरं कोणाचं मानू?

---

बेलापूर_सेक्टर_आठ
७ डिसेंबर २०२५, रात्री १०.२५

पंधरा वर्षांनंतर गाडी चालवायला बंदीच आहे ना? दिल्लीत पेट्रोलसुद्धा देत नाहीत म्हणे. मग प्रश्न कुठे उरतो?

---

जमाखर्च
७ डिसेंबर २०२५, रात्री ११.१०

बेलापूरकर, हा गैरसमज आधी दूर करू, कारण यापायी लोकांनी चांगल्या गाड्या मातीमोल विकल्यात. पेट्रोल १५ आणि डिझेल १० वर्षांची ती अट दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची. हरित लवादाचा आदेश, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. यंदा जुलैत तिथे जुन्या गाड्यांना पेट्रोल नाकारायला सुरुवात झाली आणि थोड्याच दिवसांत ते थांबवावं लागलं. महाराष्ट्रात तसा वयाचा नियम नाही. जानेवारीत उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्याने मुंबई परिसरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांबाबत अभ्यास समिती नेमली, पण समिती नेमणं वेगळं आणि बंदी वेगळी.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण. अर्ज नमुना २५, आणि तो मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांच्या आत करायचा. गाडी आरटीओला प्रत्यक्ष दाखवावी लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ते या ऑगस्टपासून १०,०००. शिवाय पर्यावरण कर. मुदत उलटून गेली तर महिन्यागणिक दंड चढतो, आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. त्यामुळे कासारवडवलीकर, काहीही ठरवा, पण मार्च उलटू देऊ नका.

तुमच्या आकड्यांवर उद्या निवांत लिहितो.

---

कळव्याचा_वाटसरू
८ डिसेंबर २०२५, सकाळी ७.५०

जमाखर्च म्हणतात तसा मातीमोल विकणारा मीच. २०१८ ला दिल्लीच्या बातमीचा फॉरवर्ड आला, चार लोकांनी घाबरवलं, आणि अकरा वर्षांची ठणठणीत सिडान पडत्या भावात देऊन टाकली. घेणाऱ्याने ती पुढे सहा वर्षं आमच्याच खारेगाव भागात चालवली. दिसली की पोटात कालवायचं. घाई करू नका एवढंच.

---

जमाखर्च
८ डिसेंबर २०२५, रात्री ९.०५

आता हिशेब. नौपाड्यात तीस वर्षं लोकांचे हिशेबच लिहितोय, तेव्हा सवयीने दोन रकाने पाडतो: झीज आणि दुखणं.

टायर, क्लच, बॅटरी ही झीज. कुठल्याही गाडीला हे लागणारच, आणि एकदा घातलं की पुढची काही वर्षं विकत घेतल्यासारखी. तुमच्या ३४,६०० पैकी २७,१०० ही झीज आहे. घोडबंदर रोडला हाफ क्लचवर अर्धा अर्धा तास सरकणाऱ्या गाडीची क्लच प्लेट जाणं हा गाडीचा दोष नाही. दुखणं म्हणजे जे एकदा बरं करूनही परत येतं. ते ७,५००, गाडी तापण्याचं. त्याच्यावर लक्ष ठेवा. तीन वर्षांचा चढता आलेख बघून घाबरून जाऊ नका, कारण टायर पुढच्या वर्षी परत येणार नाहीत.

आता दुसरी बाजू. साडेसहा लाखांची नवी गाडी घेतली, पाच लाख कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण १०,३८०, वर्षाला सव्वा लाख. त्यात व्याज एकूण १ लाख २३ हजारांच्या घरात. पेट्रोल वाचेल म्हणाल, तर ४,५०० किलोमीटरला तुम्हाला आज ३३६ लिटर लागतं. अठराचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला २५० लागेल. ८६ लिटर वाचले, लिटरला १०४ धरले तरी वर्षाला नऊ हजारांच्या आत. एवढ्या कमी वापराला मायलेजसाठी गाडी बदलणं परवडत नाही.

पासिंगचा खर्च पाच वर्षांत वाटला तर वर्षाला दोन हजारसुद्धा पडत नाही. विमा तृतीय पक्षाचाच ठेवलात तर १,००० सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ अधिक जीएसटी.

तेव्हा निव्वळ पैशाने बघाल तर जुनी गाडी ठेवणंच स्वस्त आहे. अजून पुष्कळ वर्षं स्वस्तच राहील. म्हणूनच मी सांगेन की हा निर्णय पैशाच्या रकान्यात होणार नाही. तो दुसरीकडे कुठेतरी शोधा.

---

ट्रान्सहार्बर
८ डिसेंबर २०२५, रात्री ९.४८

गाडीच कशाला हवी? आठवड्याला दोन फेऱ्या, टॅक्सी बोलवा. पार्किंग, विमा, धूळ, सगळ्यातून सुटका.

---

कासारवडवलीकर
८ डिसेंबर २०२५, रात्री १०.३०

ट्रान्सहार्बर, हे महिनाभर करून बघितलं. दुपारच्या फेरीला टॅक्सी येते. संध्याकाळी साडेसहाला परत यायच्या वेळी ड्रायव्हर घोडबंदर रोडचं नाव ऐकून फेरी रद्द करतात. एकदा आप्पा चाळीस मिनिटं काठी टेकून उभे होते. त्यानंतर मी तो विचार सोडला.

जमाखर्च, झीज आणि दुखणं हा फरक मला आजवर सुचलाच नव्हता. डायरीत मागे जाऊन सगळ्या नोंदी तशा लावून बघतोय.

---

पाना_आणि_जॅक
९ डिसेंबर २०२५, दुपारी २.१५

मी तुर्भ्याला एकतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या मेकॅनिकने खोटं सांगितलेलं नाही. तुमच्या गाडीत के-सिरीजचं इंजिन आहे, टायमिंग चेन आहे, बेल्टची कटकट नाही. वेळेवर ऑइल बदललं तर १,१२,००० म्हणजे त्या इंजिनाचं वय झालं असं मी म्हणणार नाही. पण इंजिन म्हणजे गाडी नव्हे. इंजिन उतरवता येतं, दुसरं बसवता येतं. गिअरबॉक्स, शॉकअप, रॅक, सगळं बदलता येतं, आणि या गाडीचे पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतात. बदलता येत नाही तो पत्रा.

आपल्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालचा उंबरा, पुढच्या शॉकअपचे टॉवर, मागच्या सस्पेन्शनची पकड हे सगळं मिळून एकच पिंजरा असतो आणि सगळा भार तोच घेतो. तो सडला की वरून रंग कितीही चकचकीत असू दे, आत काही राहिलेलं नसतं. आणि आपण राहतो खाडीच्या काठावर. ठाण्याची खाडी, चार महिने पाऊस, खारी दमट हवा. पुण्याची वीस वर्षांची गाडी आणि नेरूळ-ऐरोलीची वीस वर्षांची गाडी शेजारी लिफ्टवर चढवा, खालून बघितलंत तर एका वयाच्या वाटणार नाहीत.

पाणी कुठे मुरतं ते सांगतो. वायपरच्या खालच्या पन्हाळीत झाडाची पानं अडकतात. गुलमोहराची बारीक पानं तर लगद्यासारखी बसतात. पाणी जायची वाट बंद झाली की ते आत पायापाशी उतरतं आणि मॅटखालच्या नमद्यात महिनोन् महिने राहतं. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून सडतं. आणि विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्या वर्षीच नमदा काढून सुकवायला हवा होता. कोणी काढत नाही.

तेव्हा पासिंगचे पैसे भरण्याआधी हे करा. गाडी लिफ्टवर घ्या. मॅट आणि नमदा पुरता उचला. स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा घेऊन दोन्ही उंबऱ्यांवर टकटक करत जा. पत्रा जिवंत असेल तर टणक आवाज येतो, सडला असेल तर भद्द. जिथे भद्द वाजेल तिथे टोक दाबून बघा. खालून काळं अँटिरस्ट मारलं असेल तर जास्त सावध राहा. गंजावर ते मारलं की ओल आत कोंडते आणि गंज झाकून जातो. पूर्वी कधी ठोकून पुट्टी भरली असेल ती जागा आधी बघा.

इंजिनाचं म्हणाल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते कळतं. चारही नाही, तुमच्या गाडीला तीनच सिलिंडर. तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले की झालं. कुठे गळती दिसत नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलेलं असू शकतं. दोनदा तापली म्हणताय म्हणून हे सांगतो. पंखा वेळेवर लागतोय का तेही बघा. ब्रेक ऑइल ओल ओढून घेतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं, पंधरा वर्षांत एकदाही न बदललेल्या गाड्या मी बघितल्यात. ब्रेकचे रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर लगेच बदला.

अॅव्हरेज १५.८ वरून १३.४ झालं, त्याला लोक सरसकट इथेनॉलला धरतात. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं हे खरं, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत हेही खरं. पण सरकारी आकडाच धरला तरी अशा गाड्यांना ३ ते ६ टक्के घट. म्हणजे १५.८ चं फार तर १४.९ च्या आसपास होईल. उरलेलं कुठे गेलं? ब्रेक चिकटतायत, ऑक्सिजन सेन्सर मंदावलाय, का नुसती रहदारी वाढलीय, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र नक्की बघा. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, आणि पेट्रोलचा वास हे दुर्लक्ष करायचं लक्षण नाही.

---

नेरूळकरीण
९ डिसेंबर २०२५, रात्री ८.२०

पाना-काका म्हणतात ते माझ्यावर बेतलंय, म्हणून लिहिते.

माझी सँट्रो झिंग, २००४ ची. माझ्या पगारातून घेतलेली. तिच्यातून मुलीला शाळेत सोडलं, तिच्यातूनच आईला शेवटचं हॉस्पिटलला नेलं. २०१९ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा मी विचारच केला नाही. शुल्क भरलं, पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,००० रुपये भरला, शिक्का घेऊन आले. इंजिन सुरेख होतं. टायमिंग बेल्ट वेळच्या वेळी बदलायचे. पण आमच्या सोसायटीतली पार्किंगची जागा उघडी आणि खाडीच्या बाजूची. लॉकडाऊनमध्ये गाडी कित्येक महिने उभी राहिली, उंदरांनी वायरिंग कुरतडलं, मॅटखाली ओल धरली. वायरिंग दुरुस्त केलं. मॅट मात्र उचलून बघितली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात पाम बीच रोडवर मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली. मागच्या सस्पेन्शनची पकड पत्र्यासकट उखडून आली होती. वेग चाळीसच्या आत होता आणि डावी लेन होती, म्हणून मी आज लिहितेय. मागच्या सीटवर माझी भाची होती.

मला तिच्यावर माया होती आणि ती मायाच मला खाली वाकून बघू देत नव्हती. बघितलं असतं तर सोडावी लागली असती, हे मला आतून ठाऊक होतं. कासारवडवलीकर, तुम्ही निदान विचारताय. मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

---

पट्टा_लावा
९ डिसेंबर २०२५, रात्री ११.३५

मी ठाण्यात कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. एक गोष्ट या धाग्यात अजून कोणी बोललं नाही.

तुमच्या एलएक्सआयला एअरबॅग नाही आणि एबीएसही (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. त्या काळी सक्ती नव्हती. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची २०२१ च्या अखेरीपासून. टकरीच्या चाचणीचे नियमही सर्व मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ ला लागू झाले. गाडी कितीही उत्तम ठेवली तरी या गोष्टी तिच्यात नंतर बसत नाहीत.

आप्पा कुठे बसतात? पुढे, डावीकडे, बरोबर ना? त्या वयात हाडं ठिसूळ असतात. तरुण माणूस ज्या धक्क्यातून खरचटून उठतो, त्यात चौऱ्याहत्तरच्या माणसाच्या फासळ्या मोडतात. हे मी रोज बघते. शहरात कमी वेगाने नेता हे चांगलं आहे, पण घोडबंदर रोडला तुमच्या पुढे-मागे कंटेनर असतात आणि ते तुमच्या वेगाने चालत नाहीत.

निर्णय होईपर्यंत एवढं करा: आप्पांचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. कडा फुसकटल्यात का, झटका दिल्यावर लॉक होतो का, सोडल्यावर पूर्ण आत जातो का. पंधरा वर्षांचा पट्टा आहे. आणि रोह्याला या गाडीने जाऊ नका.

---

कासारवडवलीकर
१० डिसेंबर २०२५, रात्री १०.५०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. मी इतके दिवस इंजिन, मायलेज, हप्ता एवढाच विचार केला. आप्पा कुठे बसतात हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

शनिवारी वागळे इस्टेटला ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्ट मिळतेय. पाना-काका, तुमची यादी लिहून घेतली आहे. आप्पा म्हणाले, मीही येतो.

---

बेलापूर_सेक्टर_आठ
११ डिसेंबर २०२५, सकाळी ९.१५

जमाखर्च यांचे आभार, माझी माहिती चुकीची होती. मी २००९ ची गाडी उगाच विकायला काढली होती. मी पण आधी लिफ्टवर घेतो.

---

कासारवडवलीकर
१३ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७.३०

आजचा अहवाल.

इंजिन: तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. हेड गॅस्केट शाबूत. तापण्याचं मूळ पंख्याच्या रिलेत निघालं, कधी लागायचा, कधी नाही. म्हणजे थर्मोस्टॅट आणि पाइप विनाकारण बदलले गेले. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटत होता, अॅव्हरेजचा काही भाग तिथे जात असावा.

टॉवर, मागचं सस्पेन्शन, उजवा उंबरा: सगळं टणक.

डावा उंबरा: २०१६ ला मानपाड्याच्या सिग्नलला एका टेम्पोने घासलं होतं. तेव्हा ठोकून, पुट्टी भरून, रंगवून घेतलं. काकांनी सांगितलं होतं तसं तिथूनच सुरुवात केली. भद्द आवाज आला. टोक दाबलं तर स्क्रू-ड्रायव्हर निम्मा आत गेला. मॅट उचलली तर नमदा ओला, डिसेंबरमध्ये. त्याच्याखाली तळाचा पत्रा तळहाताएवढा चाळणी झालाय, आणि गंज सीटच्या पुढच्या बोल्टापर्यंत पोचलाय. डावी सीट. आप्पांची.

मेकॅनिक म्हणाला, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून देतो, अठरा-वीस हजारांत बसेल, पासिंगला काही अडचण येणार नाही.

आप्पा स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, स्वतः वाकून दोन ठिकाणी दाबून बघितला आणि परत दिला. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

काका, वेल्डिंग करून घ्यावं का?

---

पाना_आणि_जॅक
१३ डिसेंबर २०२५, रात्री ९.००

नुसता उंबरा असता तर मी हो म्हणालो असतो. चांगला टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, असेल तर उंबरा कापून नीट बसवता येतो, तशा गाड्या मी स्वतः दिल्यात आणि त्या चालतायत. पण सीट जिथे बोल्टने धरलेली आहे तो पत्रा गेला असेल, तर हिशेब बदलतो. अपघातात माणसाचं वजन पट्ट्यावर आणि सीटवर येतं, आणि सीट त्या पत्र्यावर. तिथे ठिगळ लावलं तर बघायला छान दिसेल, पासिंगही होईल. ते किती ताण झेलेल हे मात्र मी एकतीस वर्षं काम करूनही छातीठोक सांगू शकणार नाही. आणि ओल अजून आहे, म्हणजे पाणी येण्याची वाट सापडलेली नाही. दोन पावसाळ्यांत शेजारचा पत्रा धरेल.

माझ्या घरची गाडी असती तर मी पाच वर्षांचं पासिंग केलं नसतं. तोवर आप्पांना मागे, उजव्या बाजूला बसवा.

---

जमाखर्च
१४ डिसेंबर २०२५, सकाळी ८.४०

रविवारी सकाळी लिहितोय, कारण भंगारात द्यायचं ठरलं तर एक चूक हमखास होते. नाक्यावरच्या भंगारवाल्याला रोख घेऊन गाडी देऊ नका. नोंदणी तुमच्याच नावावर राहते आणि उद्या ती नंबर प्लेट किंवा चासी नंबर दुसऱ्या गाडीला लागला, तर पोलीस तुमच्या दारात. २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, तेव्हा बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

विम्यावर नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) साठला असेल तर कंपनीकडून तसं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, पुढच्या गाडीला लावता येतं. फास्टॅग बंद करायला विसरू नका.

आणि मी वर लिहिलं की पैशाच्या रकान्यात जुनी गाडी स्वस्त आहे. ते अजूनही खरं आहे. पण पत्रा बघितल्यावर त्या रकान्याला अर्थ उरत नाही.

---

नेरूळकरीण
१४ डिसेंबर २०२५, दुपारी १२.१०

आप्पांना विचारा एकदा. तोंडाने विचारा. माझ्या आईला मी बरंच काही कधी विचारलं नाही.

---

कासारवडवलीकर
२१ डिसेंबर २०२५, रात्री ९.२०

विचारलं, ताई. रात्री जेवण झाल्यावर. आप्पा म्हणाले, "मी बोलत नव्हतो कारण तुला वाटलं असतं की मला नवी हवीय. तुझ्या मुलीच्या फीचे दिवस आहेत." एवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांसाठी गप्प होतो. मला वाटत होतं त्यांचा जीव गाडीत अडकलाय.

मग त्यांनीच सांगितलं की पासिंग करू नकोस. फेब्रुवारीपर्यंत फक्त पाचपाखाडीच्या फेऱ्या, तेही ते मागे बसून. पंख्याचा रिले आणि चिकटलेला ब्रेक करून घेतला, बाकी काही नाही. रोह्याला यंदा रेल्वेने जाणार.

नवी की वापरलेली, यावर घरात अजून चर्चा चालू आहे. सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ झाल्यामुळे नवी पूर्वीपेक्षा जवळ आलीय. पण एवढ्या कमी वापराला तीन-चार वर्षं वापरलेली उंच सीटची गाडी पुरेल असं माझं मत, अट एकच: २०२२ किंवा त्यानंतरची, दोन एअरबॅग आणि एबीएस. आप्पांना बरोबर नेणार आहे, बसून बघायला.

डायरी त्यांनी ग्लव्ह बॉक्समधून काढून घरात आणलीय. शेवटच्या नोंदीनंतर अर्धं पान रिकामं आहे. म्हणाले, मधे रेघ मारून दुसऱ्या गाडीचं खालीच सुरू करू.

---

पाना_आणि_जॅक
२१ डिसेंबर २०२५, रात्री १०.०५

छान झालं. वापरलेली बघायला जाल तेव्हा विक्रेत्याने आधी धुऊन-पुसून दाखवली असेल, त्याला भुलू नका. मॅट उचलून हात आत घाला, नमदा दाबून बोटांचा वास घ्या, पुराची गाडी कुबट वासावरून कळते. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ दिसते का. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर गाडीपेक्षा नवे आणि किलोमीटर मात्र कमी असतील तर मीटर फिरवलेला असू शकतो.

आणि बेलापूरकर, तुमची २००९ ची गाडी एअरबॅगची असेल तर चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बघा, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावलीय का ते. ताकाता कंपनीने बनवलेल्या त्या जुन्या एअरबॅगचं रसायन उष्ण आणि दमट हवेत खराब होतं, आणि आपली हवा तशीच आहे. बदलून फुकट देतात.

गाडी पक्की करण्याआधी उंबऱ्याचे आणि तळाचे फोटो इथे टाका, मी बघतो.